स्वच्छ ठिकाण: आमची गच्ची

१९ जानेवारी, सोमवार

साहेबांनी आज पुन्हा विचारलं, "हे पंप अजून किती दिवस चालवायचे?" जसे काही पंप माझ्या हौसेसाठी चालू आहेत!

जुन्या बाजारातली गोदामं उडाली, आठवडाभर धुमसत राहिली, अर्धा बाजार जमिनीवर आला. त्या सगळ्यावर सिमेंटचे जुने पत्रे होते. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. फुटले, जळले, त्यांचं पीठ झालं. त्यातले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. छातीत गेले की बाहेर येत नाहीत. वीस-तीस वर्षं गप्प बसतात आणि मग आपलं काम करतात. तोवर साहेब निवृत्त होऊन बागेला पाणी घालत असतील. म्हणून ही घाई.

चार पंप ढिगाऱ्याभोवती, पाचवा आमच्या गच्चीवर. पंप हवा ओढतो, हवा एका पांढऱ्या चकतीतून जाते, चकती लॅबमध्ये जाते आणि तिथे सूक्ष्मदर्शकावरची बाई, आमची भिंगवाली, डोळे फोडून तंतू मोजते. आमच्या गच्चीला कागदोपत्री नाव आहे, 'स्वच्छ ठिकाण'. स्फोटाआधी शहराची हवा कोणी मोजलीच नव्हती. आता कशाशी ताडून बघणार? म्हणून दूरची एक चांगली जागा हवी होती, तिचा आकडा तो नेहमीचा, त्याच्या वर जे येईल ते स्फोटाचं. जागा मीच सुचवली. टेकडीच्या पोटाशी घर, मोठा रस्ता लांब, बाजाराकडचा वारा इकडे फिरकत नाही. वीज आहे, गच्चीला कुलूप आहे. चकती मी रोज सकाळी कामावर जाता जाता बदलते.

आज आमचा आकडा आला. जवळजवळ काहीच नाही. भिंगवाली म्हणाली, "तुमच्याकडे राहायला यावंसं वाटतंय बाई." उगाच बरं वाटलं. हवा जशी काही मीच धुऊन वाळत घातली होती.

२१ जानेवारी, बुधवार

धाकटीच्या नवऱ्याला काम मिळालं. ढिगारा उपसायचं! त्यांचं कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान त्याच ढिगाऱ्यात आहे. आता स्वतःच्याच दुकानाचे तुकडे स्वतःच ट्रकमध्ये भरायचे. पहाटे जायचं, दुपारी परत. आई म्हणाली, "जावई घरी बसून सुकत चालले होते, बरं झालं."

स्फोटापासून तिघंही आमच्याकडेच आहेत. त्यांचं घर बाजाराला लागून. भिंती उभ्या आहेत, पण मीच जाऊ दिलं नाही. धाकटीची टिकली पाच वर्षांची. पाच वर्षांच्या छातीला पुढे किती वर्षं काढायची असतात.

जावयांना मी चांगला मास्क दिला. म्हणाले, "घालतो ताई." संध्याकाळी गळ्यात लटकलेला, आतून अगदी कोरा करकरीत.

२४ जानेवारी, शनिवार

आज लवकर घरी आले म्हणून दिसलं तरी. आई न्हाणीघराच्या दारात उभी राहून जावयाचा शर्ट फटाफट झटकत होती. शेजारीच टिकली बसून बाहुलीला आंघोळ घालत होती. माझं डोकंच फिरलं. इतकी ओरडले की शेजारची खिडकी उघडली.

म्हटलं, "कपडे झटकायचे नाहीत, थेट भिजवायचे." आई म्हणाली, "परवा तसेच भिजवले ना, मोरी तुंबली. सिमेंटचा गाळ तो, दगड होतो त्याचा. तू उपसणार आहेस?" कामाच्या जागीच कपडे बदलून यायला सांगा, म्हटलं. त्यावर धाकटी फणकारली. "तिथे नळाला पाणी नाही ताई, बदलायला आडोसा नाही. तुमचंच ऑफिस बघतं ना ते सगळं?" आता हे माझ्या अंगावर!

तेवढ्यात साहेबांचा फोन. फोनवर हात ठेवून आईला म्हटलं, "घरात झटकू नकोस, एवढं तरी कर." आई पुटपुटली, "बरं बाई. घरात नाही झटकत."

रागावली आहे. जेवताना मला वाढलं नाही, भांडं पुढे सरकवलं.

२८ जानेवारी, बुधवार

ढिगारा उपसायचा वेग वाढवलाय. वरून दट्ट्या आहे, पंधरा दिवसांत बाजाराचा एक भाग उघडायचाय. ठेकेदाराने पाणी मारत काम करायचं असं ठरलं होतं. टँकर येतो. पण कधी, तर पाहुणे येणार असतील तेव्हा. आज कोणीतरी मोठे येणार होते. जमीन ओली, हवा ओली, गाड्यासुद्धा धुतलेल्या. पाहुणे म्हणाले, "धूळ कुठे आहे?" साहेब म्हणाले, "तेच तर." मी मिठाची गुळणी धरून उभी. ते गेले, टँकर गेला, अर्ध्या तासात माझ्या भुवया पांढऱ्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

घरात पाच माणसं आणि न्हाणीघर एक. धाकटीचं आणि आईचं आज बादलीवरून वाजलं. आई टिकलीच्या केसांना फार तेल लावते म्हणून सुरू झालं आणि बादलीवर आलं. जावई मात्र आईचे देव. त्यांची ताटली वेगळी, त्यांच्या कपड्यांना दुसरं कोणी हात लावायचा नाही. मी लग्न केलं नाही, त्याचं सगळं उट्टं त्या एका माणसाचे लाड करून काढते.

गच्चीवरच्या पंपालाही तिने आपलंसं केलंय. त्याच्या आवाजाने दुपारची झोप लागत नाही म्हणून आधी कुरकुर होती. आज म्हणते, "पुसते मी त्याला रोज. बिचाऱ्यावर धूळ बसते." मी हसले. पंपाला बिचारा म्हणणारी जगात एकटीच असेल ती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक झाली.

साहेबांनी पडद्यावर आकडे लावले. ढिगाऱ्याजवळ वाढले आहेत, हे मलाही ठाऊक होतं. मग पाचवा आकडा. आमची गच्ची. तोही वाढलेला! ढिगाऱ्याच्या बरोबरीने. साहेब माझ्याकडे बघून हसले. "तुमच्याच गच्चीवर तेवढंच येतंय, बाई. म्हणजे ही स्फोटाची धूळ नाही. ही शहराची नेहमीचीच धूळ."

मी उठून म्हटलं, हे शक्य नाही. जानेवारीत तिथे शून्य होतं. तर ते म्हणाले, "ऋतू बदलतो, वारा बदलतो." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी री ओढली. वारा बदलतो, वारा बदलतो. पंधरा मिनिटांत बाजार उघडायचं ठरलं, लोकांना घरी परतायला हरकत नाही असंही ठरलं. कशाच्या जोरावर? माझ्या गच्चीच्या!

ज्या आठवड्यात यांना बाजार उघडायची घाई झाली, नेमका त्याच आठवड्यात माझ्या गच्चीवरचा आकडा वाढतो. मी काय दूधखुळी आहे? चकत्या बदलल्यात. सकाळी मी देते ती डबी आणि भिंगवालीच्या टेबलावर पोचते ती डबी, यांच्यामध्ये साहेबांची खोली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

भिंगवालीला विचारलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटं मोजते?" म्हटलं, तू नाही गं, तुझ्यापर्यंत येतं तेच खोटं असेल. ती म्हणाली, "डबीवर तुमची सही असते. सील मी फोडते. मला जे दिसलं ते लिहिलं." दुपारचा चहा तिने एकटीने घेतला.

एक मैत्रीण होती ऑफिसात, तीही घालवली.

८ फेब्रुवारी, रविवार

धाकटीने बॅगा काढल्या. "तुमच्याच ऑफिसने सांगितलंय ना, घरी जा म्हणून? मग जातो आम्ही. आईच्या घरात किती दिवस पाहुण्यासारखं राहायचं?"

तिला म्हटलं, ते खोटं आहे. ती म्हणाली, "ताई, तुझं नेहमीच सगळं जग खोटं आणि तू एकटी खरी." जावई दाराशी चपला घालत होते. टिकली बॅगेत जाऊन बसली होती, तिला वाटलं सहल आहे. मी धाकटीचा हात धरला. एक महिना दे, म्हटलं. एकच. मी सिद्ध करून दाखवते. तोवर इथेच राहा, इथली हवा स्वच्छ आहे, हे मी माझ्या हाताने मोजलंय. माझी खोली घ्या, मी बाहेर झोपते.

बॅगा आत गेल्या नाहीत, पण बाहेरही गेल्या नाहीत. भिंतीशी उभ्या आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

'सुरक्षित' अशी पाटी लागली बाजाराच्या तोंडाशी. हिरव्या रंगात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लोक परतू लागले. फेरीवर मी सगळं बघत होते. शिंप्याने शटर वर केलं आणि पहिलं काम काय केलं, तर खराट्याने सगळी धूळ रस्त्यावर लोटली. शेजारच्याने ती त्याच्या दारातून पुढे लोटली. असं करत करत ती गल्लीच्या टोकाला पोचली आणि गाडी गेली तशी सगळी परत आली. शिंपी मला म्हणाला, "मॅडम, पाटी लागली, आता कशाला मास्क?" काय सांगू त्याला? मला पगार देणाऱ्या ऑफिसनेच त्याच्या डोळ्यांत धूळ फेकलीय आणि तो हसतोय.

कापडाचं ठाण झटकत होता. म्हटलं, ओल्या फडक्याने पुसा, झटकू नका. "कापड ओलं करू? धंदा बसवायचाय की बुडवायचाय?" त्याचंही खरंच.

साहेबांचा फोटो छापून आलाय. बाजारात उभे राहून छाती भरून श्वास घेताना! दिवसभर ऑफिसातले लोक तो एकमेकांना दाखवत होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज केलं शेवटी. गोदामातला एक जुना पंप दुरुस्त करून घेतला आणि गच्चीवर पहिल्या पंपाच्या शेजारी मांडला. ह्याच्या डबीला माझं स्वतःचं छोटं कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. चकत्या ऑफिसात नेणारच नाही. परगावच्या खाजगी लॅबला कुरियरने पाठवणार. त्यांना हे ठिकाण काय, मी कोण, काही ठाऊक नाही. साहेबांचा हात तिथवर पोचत नाही.

आई म्हणाली, "आता दोन दोन? दोरीवर कपडे घालायला जागा ठेव जरा." टिकलीने नव्या पंपाला हात लावून पाहिला आणि जुन्याचं लग्न झालं असं जाहीर केलं. कितीतरी दिवसांनी घरात सगळे एकदम हसले.

शून्य येणार आहे. मला माहीत आहे. शून्य आलं की तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार नाही, त्यांच्या वरच्यांच्या टेबलावर ठेवणार. मग बघू कोणाची हवा नेहमीची.

१८ फेब्रुवारी, बुधवार

टिकलीला खोकला. कोरडा. डॉक्टर म्हणाले, "धुळीत खेळते का?" धाकटीने माझ्याकडे पाहिलं. गेल्या रविवारी ती टिकलीला घेऊन जुन्या घरी भांडी आणायला गेली होती. मला न सांगता!

मी तिला काय काय बोलले ते इथेही लिहवत नाही. आई आहेस का कोण आहेस, इथवर गेले. ती रडली. मग म्हणाली, "बरं. नाही जात. टिकली बरी होईपर्यंत तरी नाही." रात्री बॅगा आपणच रिकाम्या केल्या आणि कपडे माझ्या कपाटात लावले.

जिंकले मी. वाईट पद्धतीने, पण जिंकले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

खोकला तसाच. टिकलीला खेळायला मोकळी हवा लागते, तर आईला म्हटलं, बाजाराकडे, रस्त्याकडे अजिबात न्यायचं नाही. गच्चीवरच खेळू दे. आई म्हणाली, "अगं, तिथेच तर असते ती माझ्याबरोबर रोज दुपारी."

२३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, दुसऱ्या पंपाचं कळलं. तसं नव्हतं. म्हणाले, "बाई, तुम्ही सगळीकडे सांगत फिरता मी आकडे बदलले. मी बदलले नाहीत. मला उघडायची घाई होती, हे खरं. आकडा सोयीचा होता, हेही खरं. म्हणून मी जास्त प्रश्न विचारले नाहीत. पण बदलला नाही."

वा! काखा वर करायची ही नवी पद्धत. अर्धं कबूल करायचं म्हणजे उरलेलं अर्धं आपोआप खरं वाटतं. मी म्हटलं, कागद बोलेल. बाहेर आले तर भिंगवाली समोरून गेली, मान वर न करता.

टिकली आज शाळेतल्या कवितेच्या मधेच थांबली. खोकून खोकून लाल झाली, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

परगावच्या लॅबचं उत्तर आलं.

शून्य नाही. साहेबांच्या आकड्याला लागूनच. थोडा वरच.

तीनदा वाचलं. तेच कुलूप, तीच सही, किल्ली माझ्या गळ्यात. लॅबला फोन लावला. चूक तर नाही ना? तिकडचा माणूस वैतागला, "दोघांनी वेगवेगळं मोजलंय मॅडम. तुमचं हे ठिकाण पाडकामाच्या शेजारी आहे का?" मी फोन ठेवला.

म्हणजे चकत्या ऑफिसात बदलत नव्हते. मग गच्चीवरच काहीतरी होतंय. मी कामावर असताना कोणीतरी वर येऊन पंपांशी खेळ करतंय! साहेबांचा माणूस. ऑफिसच्या गाडीचा तो ड्रायव्हर, त्याला आमचं घर माहीत आहे. एका मुठीत ढिगाऱ्याची धूळ आणून पंपासमोर उधळली की झालं. दुसरा पंप शेजारीच, त्यालाही फुकटात. काय डोकं चालवलंय! आणि बाहेर कसे साळसूद, मी बदलला नाही म्हणे. बदलला नाहीच, आणून टाकला.

त्या एका आकड्यावर सगळा बाजार उघडला. शिंपी, त्याची बायको, त्यांच्या वरच्या मजल्यावरचे म्हातारा-म्हातारी, सगळे परत येऊन झोपलेत त्या धुळीत. मी सोडणार नाही साहेबांना.

आईला विचारलं, दुपारी गच्चीवर कोणी येतं का? कोणी ऑफिसचं, मीटर बघायला वगैरे? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कोण येणार? मी नि टिकली, दोघीच."

कुलूप तोडून नाही तर पलीकडच्या गच्चीवरून येत असणार. उद्या दुपारची अर्धी रजा टाकलीय. कोणालाच सांगितलं नाही. हातात पकडणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आवाज न करता जिना चढले. गच्चीचं दार उघडंच होतं.

आईने जावयाची पँट कमरेकडून धरली होती, पाय टिकलीच्या हातात. एक, दोन, तीन म्हणत दोघी झटकत होत्या. दोन्ही पंप हातभर अंतरावर. ऊन समोरून होतं, म्हणून धूळ दिसत होती. टिकली हसत होती, खोकत होती, परत हसत होती.

मला पाहून आई म्हणाली, "आज लवकर आलीस? बघ, तू सांगितल्यापासून सगळं इथेच झटकतो आम्ही. घरात एक कणसुद्धा येऊ दिला नाही."